गोगलगाईवरून आलेला राजपुत्र

"गेला! हा परत गेला!" मी माऊस टेबलावर आपटला. "अक्षे, तुझा येडा राजपुत्र परत निघाला बघ!"

पडद्यावर राजपुत्र कूर्मसेन पाठमोरा झाला होता. ज्या गोगलगाईवर बसून तो स्वयंवराला आला होता, ती वळून राजवाड्याच्या दाराकडे चालली होती. ती इतकी सावकाश जायची की पडद्याबाहेर पडायला तिला बावीस सेकंद लागायचे. मी मोजले होते. त्या बावीस सेकंदांत कितीही क्लिक करा, ढिम्म काही व्हायचं नाही. खालच्या चौकटीत त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, 'बरं, राहू दे. गोगलगाईला भूक लागली.'

अक्षता शेजारच्या खुर्चीवर मांडी घालून बसली होती आणि हसत होती. तिच्या हसण्याला आवाज नसायचा, नुसते खांदे हलायचे.

"तू जर..." ती म्हणाली, आणि पुढचा शब्द तिच्या ओठांपाशी येऊन अडकला.

"दुसरा पर्याय निवडला तर? निवडला की! दोन्ही निवडून झाले."

"न... नाही, तू त्या..."

"त्याचा डबा घेतला तर? तोपण घेतला. सगळं करून झालं, बाई."

अक्षतानं मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते मी बघितलंच नाही. मी पहिल्यापासून गेम सुरू केला होता.

हे आठवीतलं. आता मी दहावीत आहे, प्रिलिम तोंडावर आलीय, आणि भूमितीचं पुस्तक उघडं ठेवून मी हे लिहीत बसलेय, कारण काल फोनवर अक्षतानं कूर्मसेनचं नाव काढलं आणि तेव्हापासून तो त्याच्या गोगलगाईसकट माझ्या डोक्यात येऊन बसलाय. तो एकदा आला की लवकर जात नाही, तेवढा वेळ लागणारच.

तर गेम. आमच्या इचलकरंजीच्या शाळेत शनिवारी अकराला सुट्टी व्हायची, आणि शेटे मॅडम आम्हां दोघींना एक वाजेपर्यंत संगणक कक्षात बसू द्यायच्या. त्या कोपऱ्यात वह्या तपासायच्या आणि आम्ही गोष्टीचा गेम बनवायचो. म्हणजे मागे चित्र, खाली बोलण्याची चौकट. क्लिक केलं की पुढचं वाक्य. मधेच दोन पर्याय येतात, त्यातला एक निवडायचा, आणि तुम्ही काय काय निवडलंत त्यावर ठरतं की राजकन्या शेवटी कुणाच्या गळ्यात माळ घालणार. राजकन्या मृगाक्षी मी लिहायचे. तिच्या स्वयंवराला आलेले दोन राजपुत्रही माझेच. रणधुरंधर सात हत्ती घेऊन आला होता आणि दर तिसऱ्या वाक्याला तलवार उपसायचा. गंधर्वकुमारला फक्त केस होते. (केस अक्षतानं काढले होते, त्यामुळे ते खरंच सुंदर होते.) चित्रं अक्षताची, प्रोग्रॅमिंग अक्षताचं. आणि तिसरा राजपुत्र, कूर्मसेन, पूर्ण तिचा. त्याच्यातलं एक अक्षरसुद्धा तिनं मला लिहू दिलं नव्हतं.

हा कूर्मसेन मुकुट कोपरावर घालायचा. का, तर डोक्याला विचार करायला मोकळी जागा हवी. पायरीवर पाय ठेवायच्या आधी पायरीची माफी मागायचा. इतर दोघं हत्ती आणि हिरे देत असताना ह्यानं राजकन्येला एक रिकामा डबा दिला आणि सांगितलं, 'यात कालची दुपार आहे. हळू उघड.' आणि मग तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसायचा आणि म्हणायचा, 'राजकन्ये, मला तुला सांगायचंय की...'

इथेच माशी शिंकायची. त्या टिंबांपाशी गेम हँग व्हायचा, असं मला वाटायचं. मी क्लिक करायचे. लागोपाठ तीन-चार, जोरात. की लगेच त्याच्या गोगलगाईला भूक लागायची.

"त्याचा शेवट लिहायचा राहिलाय ना?" मी विचारलं.

"ल... लि..."

"लिहितेस? कधी? दहा दिवसांवर प्रदर्शन आलंय!"

आता आमच्या घराबद्दल सांगायला पाहिजे. आमचं खाली कारखाना आणि वर घर. खाली आठ माग, आणि ते सुरू असले की ताटातली वाटी सरकते. माझा जन्म त्या आवाजातला. आमच्या घरात पूर्ण वाक्य कुणी बोलतच नाही, कारण ते कुणाला ऐकूच जात नाही. पहिला शब्द आणि तोंडाची हालचाल बघायची आणि बाकीचं आपण भरायचं. पप्पा जिन्यातून "अगं, तो..." म्हणतात आणि मम्मी ओरडते, "टीव्हीवर!" चष्मा टीव्हीवरच असतो. ज्याला हे जमत नाही तो आमच्याकडे पाहुणा. माझी पुण्याची आत्या चार दिवस राहिली तर घसा बसवून जाते.

म्हणून पाचवीत नव्या वर्गात बाईंनी माझ्या शेजारच्या मुलीला नाव विचारलं आणि ती "अ... अ..." करत लाल लाल झाली, तेव्हा मी तिच्या वहीवर नजर टाकली आणि उभी राहून सांगितलं, "बाई, अक्षता मगदूम!" मला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी तिला विहिरीतून वर काढलंय. मला फार भारी वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवसापासून मी अक्षताचा आवाज झाले. मागच्या बाकावरचा प्रथमेश तिला 'बफरिंग मगदूम' म्हणाला, तर त्याची वॉटरबॅग मी त्याच्याच डोक्यावर ओतली. तिच्या कविता मी पाठ म्हणून दाखवायचे. कॅन्टीनच्या खिडकीत ती "एक व..." म्हणेपर्यंत मी "दोन वडापाव!" ओरडलेली असायचे. सातवीत मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं आणि मग तर काय, माझ्या तोंडाला कुलूपच राहिलं नाही. अक्षता म्हणजे मीच, असं माझं सरळ गणित होतं.

सोमवारी शेटे मॅडमनी आम्हांला बोलावलं. प्रदर्शन शहरातल्या सगळ्या शाळांचं होतं, आणि नियम असा की गटातल्या प्रत्येकानं आपण केलेल्या कामावर दोन मिनिटं बोलायचं.

"तेजल, तू कथेवर. अक्षता, तू चित्रं, प्रोग्रॅमिंग आणि तो तुझा गोगलगाईवाला. जमेल ना?"

"मॅडम, सगळं मीच बोलते," मी म्हटलं. "मला माहितीये सगळं."

"मी अक्षताला विचारतेय."

अक्षतानं तोंड उघडलं. "म... मी..."

मॅडम बघत होत्या. दारातून नववीची दोन मुलं बघत होती. अक्षताची मान ताठ झाली, डोळे मिटले गेले. मला ते बघवेना.

"ती म्हणतेय, मी नको, तेजललाच बोलू दे," मी सांगितलं.

मॅडमनी अक्षताकडे बघितलं. अक्षता खाली बघत होती. मॅडमनी यादीत माझ्या नावापुढे दोनदा खूण केली.

बाहेर आल्यावर मी तिच्या पाठीवर थाप मारली. "वाचलीस की नाही?"

तिनं काहीच उत्तर दिलं नाही. म्हणजे तिनं द्यायच्या आत मी पुढचं बोलायला लागले असेन.

दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली होती, खिडकीजवळ. माझ्या कंपासपेटीत पेनड्राइव्ह होता आणि एक चिठ्ठी. अक्षताचं अक्षर बारीक आणि टोकदार. कागदावर ती कुठेच अडखळत नसे.

'तेजल, यात पूर्ण गेम आहे. कूर्मसेनला शेवट आहे. तो शोध. प्रोग्रॅम उघडून बघायचा नाही, शप्पथ. सापडला तर माझ्या घरी ये. नाही सापडला तर प्रदर्शनात तू एकटीच उभी राहा. मी येणार नाही. तुझ्या शेजारी परत बसणारही नाही.'

मी ती चिठ्ठी चार वेळा वाचली. मग मधल्या सुट्टीत तिच्या बाकापाशी गेले.

"अगं पण झालंय काय? मी काय केलं?"

अक्षतानं ओठ घट्ट मिटले आणि डबा उघडला.

"त्या मॅडमचं? अगं मी तुला वाचवलं! का त्या दिवशी मी येडा म्हटलं म्हणून? का..."

ती डबा घेऊन उठून गेली. मागून प्रथमेश म्हणाला, "काय गं सातपुते, तुझ्या बफरिंगचं नेट गेलं काय?" आणि पहिल्यांदाच मला त्याला काही बोलायला सुचलं नाही.

मग मी शोधायला बसले. कसं, ते ऐका. गेममध्ये अकरा ठिकाणी दोन-दोन पर्याय होते. गणिताच्या सरांना विचारलं, ते म्हणाले, दोन हजार अठ्ठेचाळीस वाटा. मी फुलस्केप कागद चिकटवून चिकटवून त्यावर तक्ता काढला. डबा घेतला, डबा नाकारला. मुकुटाला हसले, मुकुटाची स्तुती केली. गोगलगाईला पालक दिला, मेथी दिली. कुठूनही गेलं तरी शेवटी कूर्मसेन गुडघ्यावर बसायचा, 'राजकन्ये, मला तुला सांगायचंय की...' म्हणायचा, टिंबं सुरू व्हायची, मी क्लिक करायचे, आणि गोगलगाईला भूक लागायची. त्या प्राण्याइतकं खादाड जनावर मी आजवर बघितलं नाही.

शनिवारी संगणक कक्षात मी एकटीच होते. शेजारची खुर्ची रिकामी. मी शेटे मॅडमपाशी गेले.

"मॅडम, आम्ही तिसरा राजपुत्र काढून टाकतो. दोन पुरेत."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी... आणि अक्षता."

"ती म्हणाली असं?"

मी टेबलावरच्या वह्यांच्या कडा सारख्या करायला लागले.

"तो काढलास तर उरतं काय गं?" मॅडम वहीत लाल पेन चालवत म्हणाल्या. "सात हत्ती आणि केस."

रविवारी दुपारी मी मावशीनं दिलेला जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. खाली आठही माग सुरू होते. प्रदर्शन मंगळवारी होतं. तक्त्यातल्या दोनशे बारा वाटा फुल्या मारून संपल्या होत्या, आणि मला रडू येत होतं, पण रडायलासुद्धा आवाज पुरला नसता. दोनशे तेरावी. कूर्मसेन आला, पायरीची माफी मागितली, गुडघ्यावर बसला. 'राजकन्ये, मला तुला सांगायचंय की...'

आणि लाइट गेली.

माग थांबले. तुम्ही इचलकरंजीचे नसाल तर हे कळायचं नाही, पण ती शांतता कानावर येऊन आदळते. पहिल्यांदा कबुतरं ऐकू येतात. मग स्वतःचा श्वास.

"तेजल!" खालून पप्पांची हाक आली. "खाली ये, धागे जोडायला हात दे. लाइट यायच्या आत करून घेऊ."

मी लॅपटॉप तसाच गादीवर ठेवला आणि खाली गेले.

पप्पा आणि मम्मी मागापाशी वाकून तुटलेल्या धाग्यांची टोकं शोधत होते. मी बसले. मग पप्पा म्हणाले, "मी काय म्हणतो, आज संध्याकाळी आपण..."

"जोतिबाला नको. रविवारचं गर्दी असते," मम्मी म्हणाली.

"जोतिबा कुठनं आला?"

"मग?"

"मी म्हणत होतो, आज आपण मिसळ करूया काय."

"मग सरळ तसं बोलायचं की!"

"बोलू दिलंस व्हय?" पप्पा हसायला लागले. "लग्नाला अठरा वर्षं झाली. माझी निम्मी वाक्यं तूच बोलून टाकलीस. मला काय काय म्हणायचं होतं, ते माझं मलाच आठवत नाही आता."

"काय मोठं म्हणणार होता, माहिताय मला."

"बघ! परत!"

मी हसता हसता थांबले, कारण मम्मीनं एकदम मान वर केली.

"वर कोण आलंय गं?"

"कुणी नाही."

"मग बोलतंय कोण? कुणीतरी मुलगी बोलतीय."

खरंच, कुणीतरी बोलत होतं. बारीक, जरा घोगरा आवाज, मधेच तुटणारा, परत सुरू होणारा. मला ओळखू येईना. मी जिन्याच्या पायथ्याशी गेले तरी ओळखू येईना. अर्धा जिना चढले, आणि माझा हात कठड्यावरच राहिला.

तो अक्षताचा आवाज होता.

चार वर्षं मी तिच्या शेजारी बसले होते. पण तो आवाज एवढा सलग मी कधी ऐकलाच नव्हता.

मी दारात उभी राहिले. लॅपटॉप गादीवर, जसा ठेवला होता तसा. पडद्यावरची टिंबं संपली होती, आणि कूर्मसेन बोलत होता. चौकटीत एकेक शब्द उमटत होता आणि त्याच्याबरोबर अक्षता बोलत होती. तिनं ते स्वतःच्या आवाजात घालून ठेवलं होतं. शाळेतल्या संगणकांना स्पीकर नव्हते, आणि आमच्या घरी माग. अडकलेले शब्दही तिनं कापले नव्हते. ते अडकत होते, मग सुटत होते.

"...लोकांना वाटतं, माझी गो... गोगलगाय हळू आहे. ती हळू नाहीये. ती रस्ता ब... बघत जाते. मला तुझ्या सगळ्या पायऱ्या माहीत आहेत, राजकन्ये. तिसरी ज... जरा तुटलीय. तू रोज तिच्यावरून पळत जातेस, एक दिवस प... पडशील. हे सांगायला मी दोन हजार अठ्ठेचाळीस वेळा आलो."

कूर्मसेन गुडघ्यावरून उठला. त्यानं कोपरावरचा मुकुट सारखा केला.

"मला तुझ्याशी लग्न करायचं न... नव्हतं. मला फक्त एवढंच विचारायचं होतं की, ह्या राजवाड्यात सगळे एकदम का बो... बोलतात? पण आता तू थांबलीसच आहेस, तर लग्नाचाही वि... विचार करता येईल."

आवाज थांबला. खालच्या चौकटीत 'राजकन्या मृगाक्षी' असं नाव आलं, आणि नावापुढे काहीच नव्हतं. रिकामी चौकट. त्यात एक बारीक रेघ लुकलुकत होती.

कारखान्यातून पप्पांनी हाक मारली, तोवर मी चप्पल घालून सायकल काढली होती.

अक्षताच्या आईनं दार उघडलं. "बरी आलीस, बाई. भांडलाय काय तुम्ही? चार दिवस झाले, ही धड जेवत नाही. विचारलं तर मान हलवते नुसती. जा, गच्चीवर आहे."

अक्षता गच्चीत पोत्यावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती. मला बघून तिचे हात थांबले. मी समोर बसले. सायकलवरून येताना मी निदान पन्नास वाक्यं तयार केली होती. सगळी चांगली होती, दोन-तीन तर बक्षीस मिळण्यासारखी. मी एक घाटा उचलला आणि सोलायला लागले.

"स... सापडला?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"क... कसा?"

"लाइट गेली," मी म्हटलं. "मी खाली गेले होते."

"म्हणजे च... चुकून."

"चुकून."

तिचे खांदे हलायला लागले. मलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते मी बाहीनं पुसलं. मग ती गंभीर झाली आणि म्हणाली, "तेजल, तू क... कॅन्टीनमध्ये..."

आणि अडकली. तिची मान ताठ झाली, डोळे मिटले. माझ्या तोंडाशी पाच वाक्यं आली. कॅन्टीनमध्ये प्रथमेशशी भांडलीस ते. कॅन्टीनमध्ये मोठ्यानं हसलीस ते. कॅन्टीनमध्ये त्या दिवशी माझं गुपित सांगितलंस ते. पाचही वाक्यं जिभेवर येऊन नाचत होती. मी मूठभर हरभरे तोंडात कोंबले.

खाली रस्त्यावरून भाजीची गाडी गेली. शेजारच्या गच्चीत कुणीतरी चादर झटकली, घडी घातली, आत गेलं.

"...कॅन्टीनमध्ये चार वर्षं तू माझ्यासाठी वडापाव घेतेस," अक्षता म्हणाली. "मला व... वडा आवडत नाही. मला वाटाण्याची उसळ ह... हवी असते."

माझं तोंड हरभऱ्यांनी भरलेलं होतं. ते उघडलं आणि निम्मे हरभरे पोत्यावर सांडले.

"चार वर्षं?"

"चार व... वर्षं."

"आणि तू खात राहिलीस?"

"तू इतकी आ... आनंदानं आणायचीस," ती म्हणाली. मग बराच वेळ गेला. मी हरभरे वेचत राहिले. "मॅडमना मी म्हणत होते... मी ब... बोलीन. म्हणत होते, मी बोलीन."

त्यावर मी काय म्हणणार? मी काहीच म्हटलं नाही. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"आणि राजकन्या?" थोड्या वेळानं मी विचारलं. "तिची चौकट रिकामी आहे."

"राजकन्या तुझी आहे. ति... तिचं मी कसं लिहू?"

सोमवारी मी मॅडमना जाऊन खरं काय ते सांगितलं. मॅडमनी माझ्या नावापुढची एक खूण खोडली आणि वर बघितलंसुद्धा नाही, पण त्यांचा चेहरा काही रागीट दिसत नव्हता. त्या संध्याकाळी मी राजकन्येचं उत्तर लिहायला बसले. पहिलं उत्तर सात ओळींचं झालं. मग चार ओळींचं. मग त्यात वेलीची उपमा होती, ती काढली. शेवटी मी अक्षताला जे पाठवलं ते एवढंच होतं: 'मग?'

प्रदर्शनात आमच्या टेबलापाशी तीन परीक्षक आले. मी माझी दोन मिनिटं बोलले, एक मिनिट चाळीस सेकंदांत संपवली, आणि मागे सरकले. अक्षता पुढे झाली. तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. तिचं पहिलं वाक्य पूर्ण व्हायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. दोन मिनिटांची घंटा वाजली तेव्हा ती अजून चित्रांवरच होती. मधल्या परीक्षक बाईंनी घंटावाल्या सरांना हातानं थांबवलं.

शेवटी उंच परीक्षक सर खुर्चीत बसले. "बघू तर तुमचा हा गोगलगाईवाला." त्यांनी डबा घेतला, मुकुटाला हसले, कूर्मसेन गुडघ्यावर बसला. टिंबं सुरू झाली. सरांनी क्लिक केलं.

'बरं, राहू दे. गोगलगाईला भूक लागली.'

"हे काय? हा का निघाला?" सर म्हणाले. "बिघडलंय का काही?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी दोन्ही ओठ दातांत धरले. अक्षतानं श्वास घेतला.

"नाही सर," ती म्हणाली. "तुम्ही थां... थांबला नाहीत."

मग परीक्षक बाई खळखळून हसल्या, आणि मग सरही. गोगलगाय पडद्याबाहेर जाईपर्यंत, बावीसच्या बावीस सेकंद, ते बसून राहिले. मग त्यांनी गेम परत सुरू केला, आणि टिंबांपाशी आल्यावर माऊस बाजूला सारून हाताची घडी घातली.

आम्हांला उत्तेजनार्थ मिळालं. पहिलं बक्षीस पाण्याची टाकी आपोआप भरणाऱ्या यंत्राला गेलं. ठीक आहे, पाणीही लागतंच. दुसऱ्या दिवशी शाळेत कॅन्टीनच्या खिडकीत अक्षता स्वतः उभी राहिली. मागे रांग वळसा घालून नळापर्यंत गेली, प्रथमेश "ए, चल की!" म्हणून ओरडला, आणि तिनं उसळ मागितली. उसळ संपली होती. तिनं वडापाव घेतला आणि माझ्याकडे बघून तिचे खांदे हलायला लागले.

नववीच्या जूनमध्ये तिच्या वडिलांची बदली धारवाडला झाली. गेम शाळेतल्या ज्या संगणकात होता, तो संगणक आता नाही. पेनड्राइव्ह माझ्याकडे आहे, पण नव्या संगणकावर तो गेम उघडत नाही. अक्षता म्हणते, ती दुरुस्त करेल, बारावीनंतर. तिकडं ती कन्नडमध्येही अडखळते आणि तिच्या वर्गात कुणालाच त्याची घाई नसते, असं तिनं सांगितलं. हे ऐकून मला बरं वाटलं आणि जरासं पोटात दुखलंही.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. "तेजल, कूर्मसेन आठवतो का? मला वाटतं, त्याचा दुसरा भाग..." आणि ती थांबली. लाइट गेलेली होती, माग बंद होते. मी फोन कानाला लावून खिडकीत उभी राहिले. समोरच्या तारेवर एक कावळा येऊन बसला, पंख साफ केले, उडून गेला.

पप्पा जिन्यातून वर आले. मला तशी उभी बघून म्हणाले, "काय गं, कट झाला काय फोन?"

मी फोनवर हात ठेवला.

"नाही पप्पा," मी हळूच म्हटलं. "ती बोलतीय."